शिट्टी वाजली की हात वर

लोकांना वाटतं, मी कलकत्त्याजवळच्या बजबजच्या कॅम्पला सेवाभावानं गेले. तसलं काही नव्हतं. १९६८ च्या डिसेंबरात मी चोवीस वर्षांची होते आणि नाताळच्या सुटीत मला बघायला नागपूरहून एक मुलगा त्याच्या दोन काकांना घेऊन येणार होता. त्या आठवड्यात कुणी मला सुंदरबनात वाघ मोजायला पाठवलं असतं तरी मी गेले असते.

तेव्हा मी कलकत्त्यात एका मिशनच्या मुलींच्या शाळेत भूगोल आणि खेळ शिकवत होते. शाळेतल्या लतिकादी, म्हणजे लतिका बिस्वास, दरवर्षी सव्वीस डिसेंबर ते एक जानेवारी मुलींचा ख्रिस्ती कॅम्प घेत. बंगाली ख्रिस्ती बाई, पन्नाशीच्या, एकट्या, कडक इस्त्रीच्या. लीडर म्हणून येणारे सगळे हौसेनं येत, पगार कुणालाच नव्हता. त्या वर्षी त्यांच्या एका लीडरला ऐन वेळी कांजिण्या आल्या आणि लतिकादींनी मला स्टाफरूममध्ये गाठलं.

"शैला, येतेस का?"

"लतिकादी, मी हिंदू आहे."

"ते ठाऊक आहे मला. तुला पोहता येतं, ते मला जास्त महत्त्वाचं आहे. कॅम्पची बाग नदीकाठी आहे."

त्यांच्या कमिटीतले दोघे-तिघे कुरकुरले म्हणे. लतिकादींनी त्यांना सांगितलं, प्रार्थना मी घेईन, शैला पोरींना बुडू देणार नाही. आमच्या घरी कुरकुर निराळी होती. बाबा म्हणाले, "बाटवतील हो तुला तिथं." मी म्हटलं, "मला बाटवणारा अजून जन्माला यायचाय." उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी जुनी खोड. पुढं सगळं घडलं तेही तिच्यामुळेच.

निघायच्या दिवशी सियालदहच्या प्लॅटफॉर्मवर अठ्ठावीस मुली, त्यांच्या वळकट्या, पालक, हमाल असा नुसता गोंधळ होता. त्यात वृंदावहिनी टिकेकर मला शोधत आल्या. दोन वर्षांपूर्वी सांगलीहून बँकेच्या बदलीनं आलेलं कुटुंब. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झालेली. त्यांची मीनाक्षी आमच्याच शाळेत सातवीत होती आणि मी जाणार म्हणूनच तिला पाठवायला त्या तयार झाल्या होत्या. "स्वयंपाक कोण करतं? मुली कुणाकुणाच्या असतात?" असं त्यांनी आधी चारदा विचारून घेतलं होतं. मी चारदा "चांगल्या घरच्या" असं मोघम उत्तर दिलं होतं.

वहिनींनी माझ्या हातात एक पुरचुंडी दिली. जुन्या धुवट लुगड्याचे तुकडे, नीट घड्या घालून बांधलेले.

"हे असू द्या तुमच्याजवळ," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "मीनूला लागलं तर द्या. नाही लागलं तर बरंच. ती मागेल, तिला सांगितलंय मी."

"हो हो," मी म्हटलं. गाडीनं शिटी दिली होती, आणि माझी एक मुलगी चहावाल्याच्या मागे निघाली होती. पुरचुंडी मी ट्रंकेत कोंबली.

चोवीस वर्षांची घोडी झाले होते मी, पण माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. शिरायला निमित्तही नव्हतं म्हणा. आमच्या आईनं ते बाजूला बसणं केव्हाच सोडून दिलं होतं. कलकत्त्यातल्या भवानीपूरच्या दोन खोल्यांत बाजूला बसायला बाजू कुठली!

बाग छान होती. कुणा जमीनदाराची जुनी बागानबाडी, मिशनला मिळालेली. नदीकडे तोंड, मागं आंब्याची झाडं, लांबवर गिरणीची धुराडी. मधल्या मोठ्या खोलीत एक टेबल, त्यावर पांढरं कापड आणि लाकडी क्रूस, की झालं त्यांचं चॅपल. वीज नव्हती. वीस कंदील होते आणि ते रोज दुपारी पुसण्याचं काम माझ्याकडं आलं. पहिल्याच दिवशी काचांवरची काजळी बघून मी फडकं शोधायला लागले तर तिथं सगळी कडक, नवी फडकी. कंदिलाच्या काचेला जुन्या लुगड्यासारखं दुसरं काही नाही, हे मराठी घरात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. मला माझी ट्रंक आठवली. वृंदावहिनींच्या दूरदृष्टीचं मला इतकं कौतुक वाटलं! ही बाई, म्हटलं, कॅम्पात कंदील असणार हेसुद्धा ओळखून बसली होती. पुरचुंडी सोडली आणि चार दिवसांत मी त्या कापडांचा कोळसा केला. कंदील मात्र असे लखलखले की लतिकादींनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली.

आता जोडीदाराचं सांगते. नदीकाठी अठ्ठावीस मुली सांभाळायच्या तर मोजणी सोपी हवी. म्हणून लतिकादींनी पहिल्याच संध्याकाळी प्रत्येकीला एक जोडीदार नेमून दिली. पाण्यात, जेवणात, चॅपलमध्ये, झोपताना, सगळीकडं ती जोडी बरोबर. लीडरनं शिट्टी वाजवली की जिथं असाल तिथं थांबायचं, जोडीदाराचा हात धरायचा आणि दोघींनी तो वर करायचा. चौदा हात वर दिसले की पोरी पुऱ्या. शिट्टी माझ्या गळ्यात होती आणि मला ती वाजवायला फार आवडे.

मीनाक्षीची जोडीदार होती रूथ मंडल. शाळेच्या बसड्रायव्हरची मुलगी, मीनूएवढीच, काळीसावळी, पुढचे दोन दात मोठे आणि तोंडानं अखंड गाणं. मीनू लाजाळू. कलकत्त्यात दोन वर्षं काढूनही तिचं बंगाली शाळेच्या डब्यापुरतंच होतं. पण त्या दोघींचं असं जमलं की विचारता सोय नाही. शिट्टी वाजायच्या आधीच त्यांचे हात धरलेले असायचे. रूथनं तिला त्यांची गाणी शिकवली, हिनं तिला सागरगोटे शिकवले. चॅपलमध्ये मीनू रोज सर्वांत पुढं बसायची आणि डोळे मिटून इतकी मनापासून गायची की माझं मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. हिंदू मुलींना तिथं बसायची सक्ती नव्हती. मी स्वतः मागच्या दाराशी उभी राहून डास मारायची.

तीस तारखेला सकाळी मी येशूजन्माच्या नाटकाची तालीम घेत होते. तीन मेंढपाळांपैकी दोघं भांडत होते आणि तिसऱ्याची दाढी हरवली होती. तेवढ्यात मीनू माझ्या कोपराशी येऊन उभी राहिली.

"शैलाताई, आईनं दिलेली ती पुरचुंडी..."

"ती फडकी? कंदिलाच्या खोक्यात आहेत बघ," मी तिच्याकडं न बघता ओरडून सांगितलं. "घे हवी तितकी."

ती गेली. मला दाढी सापडली. बाकी काही माझ्या लक्षात आलं नाही.

दुपारी सगळ्या नदीवर गेलो. मुली पायऱ्यांवर पाय बुडवून बसल्या होत्या. मीनू मात्र वर, बऱ्याच लांब, एकटीच उभी होती. मी शिट्टी वाजवली. हात वर झाले. बारा, तेरा. चौदावा नाही. बघते तर रूथ पायऱ्या चढून मीनूकडं धावतेय आणि मीनू मागं मागं सरकतेय. रूथनं हसत तिचा हात धरायला हात पुढं केला, तशी मीनू किंचाळली,

"छुँयो ना! मला शिवू नकोस!"

नदीकाठी आवाज लांब जातो. सगळ्या पोरी वळून बघायला लागल्या. रूथचा हात तसाच पुढं राहिला. मग तिनं तो मागं घेतला, फ्रॉकला पुसला आणि खाली येऊन माझ्याशेजारी बसली. गाणं बंद.

त्यानंतर एकेक बातमी यायला लागली. मीनाक्षी सगळ्यांबरोबर जेवायला बसली नाही, पत्रावळ घेऊन मागच्या व्हरांड्यात गेली. तिनं पाण्याच्या माठाला हात लावला नाही. स्वतःचं पांघरूण मुलींच्या रांगेतून उचलून दारापाशी नेलं. चॅपलची घंटा झाली तर आत आली नाही. अँग्लो-इंडियन मुलींपैकी एक मोठ्यानं म्हणाली, "ब्राह्मण आहे ना ती. आता आठवलं असेल." मग हे सगळ्यांच्याच तोंडी झालं.

लतिकादींनी मला बोलावलं. त्या उभ्याच होत्या.

"तू तिला काही सांगितलंस?"

"मी? मी काय सांगणार?"

"ती चॅपलमध्ये आली नाही, त्याचं मला काही नाही. तिचा देव निराळा आहे, तिची मर्जी. पण रूथला ती जे म्हणाली ते मी इथं चालू देणार नाही. रूथचे आजोबा कॅनिंगकडच्या खेड्यातले, मंडल म्हणजे अस्पृश्य मानलेले. गावच्या तळ्यावर त्यांना पाणी भरू देत नसत. दुसऱ्या कुणी ओतलं तर ओंजळीत घ्यायचं. तो माणूस ख्रिस्ती झाला तो एवढ्याचसाठी, की आपल्या नातवंडाला कुणी 'शिवू नकोस' म्हणू नये. उद्या दुपारच्या गाडीनं मीनाक्षीला घरी पाठवायचं. तू पोचवून ये. आणि का पाठवलं ते तिच्या आईला स्पष्ट सांग."

मला लाज वाटली, आणि मला लाज वाटली की तिचा लगेच राग होतो. एवढ्या विश्वासानं या बाईनं मला घेतलं, कमिटीशी भांडून घेतलं, आणि आमच्याच मराठी पोरीनं असे दिवे लावावेत! मी एक कंदील उचलला आणि तरातरा मागच्या व्हरांड्यात गेले. दिवेलागण नुकतीच झाली होती. मीनू कांबळ्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"लाज नाही वाटत?" मी सुरुवातच तिथून केली. "चार दिवस त्या मुलीच्या ताटात जेवलीस, तिच्या गळ्यात हात घालून हिंडलीस, आणि आज ती मंडल आहे हे आठवलं तुला? हेच शिकवतात घरी? रडून काही होणार नाही. उद्या घरी जायचंय. ऊठ. आधी रूथची माफी माग, चल!"

आणि मी तिचा दंड धरायला वाकले. ती भिंतीला इतकी चिकटली की तिचं डोकं आपटलं.

"शैलाताई, शिवू नका ना! तुम्हाला आत जायचंय, देवाकडं!"

मी थांबले. कंदिलाच्या उजेडात मला तिच्या मागे कठड्यावर वाळत घातलेलं काहीतरी दिसलं. काळपट, ओली, पिळलेली चार फडकी. माझी, कंदिलाची.

"मी खूप धुतली," ती हुंदके देत म्हणाली. "साबण लावला दोनदा. पण काजळी निघतच नाही. मग मी परकर फाडला."

मी तिथंच खाली बसले.

तिची ही पहिलीच वेळ होती. आईनं सगळं सांगून ठेवलं होतं. काय होतं, काय करायचं, आणि काय करायचं नाही. शिवायचं नाही, माठाला हात लावायचा नाही, देवाजवळ जायचं नाही, चौथ्या दिवशी न्हायचं. पोरीनं ते पाठ केलं होतं आणि अगदी एकटीनं, परक्या जागी, अक्षरन् अक्षर पाळलं होतं. ती माझ्याकडं हक्कानं आली होती, तर मी तिला मेंढपाळांसमोर ओरडून सांगितलं होतं की खोक्यातून घे हवी तितकी.

"अगं, मग रूथला सांगायचंस तरी."

"बंगालीत काय म्हणतात मला माहीत नाही," ती म्हणाली. "आणि असं सांगतात का कुणाला?"

"बरं, चॅपलमध्ये का नाही गेलीस?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जणू हिला एवढंही कळत नाही. "तिथं देव आहे ना."

"तो काही आपला नाही गं," मी घाईनं म्हणाले.

"म्हणून काय झालं? देव तर आहे. त्यांना माहीत नसलं तरी त्याला माहीत असणारच ना, मला काय झालंय ते."

घरी मी या विषयावर भाषणं ठोकत असे. आजोबांच्या श्राद्धाला एकदा भटजींशी वाद घालून मी अर्धा तास जेवण खोळंबवलं होतं. मला म्हणायचं होतं, मीनू, हे सगळं थोतांड आहे. पण ज्या बाईनं पोरीची फडकी कंदिलाला वापरली तिनं कुठल्या तोंडानं समाजसुधारणा सांगायची? मी म्हटलं, "इथं नाही कुणी ते मानत, मीनू."

"आमच्याकडं मानतात," ती म्हणाली. एवढंच.

लतिकादी स्वयंपाकघरात उद्याचे तांदूळ निवडायला बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फडक्यांसकट. काही लपवलं नाही, लपवायला जागाच नव्हती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत काढला.

"आणि मी तिला घरी पाठवत होते," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय माहीत? मला माहीत असायला हवं होतं. मी रूथला सांगते."

"फडकी तू काळी केलीस. शिक्षा मी सुनावली. दोघी जाऊ." त्या उठल्या, आपल्या ट्रंकेतून कापसाचा गुंडाळा आणि मऊ कापड काढून माझ्या हातात दिलं. मग दारात थबकल्या. "वीस वर्षं कॅम्प घेते आहे मी, शैला. आमच्या देवाला इतकी भिऊन वागलेली मुलगी मी बघितली नाही. आमच्या मुली तर चॅपलमध्ये शेंगदाणे खातात."

रूथला आम्ही सकाळी सांगितलं, आंब्याखाली, तिला मध्ये बसवून. लतिकादींनी बंगालीत, साध्या शब्दांत सांगितलं. रूथनं ऐकून घेतलं. मग तिनं पहिला प्रश्न विचारला.

"म्हणजे मी मंडल आहे म्हणून नाही?"

"नाही, बाळ."

"मग ती आपल्या कॅम्पातल्या मेरी डिसूझालाही नाही शिवणार?"

"नाही."

"शैलादींना?"

"मलाही नाही," मी म्हटलं. "काल माझ्यापासून पळताना डोकं आपटून घेतलं तिनं."

"तिच्या आईला?"

"आईलासुद्धा नाही."

रूथनं दातांनी ओठ चावला. "बिचारी," ती म्हणाली, आणि उठून पळाली.

मी मागून गेले, न जाणो काय करते म्हणून. व्हरांड्यात दोघी हातभर अंतर ठेवून बसल्या होत्या आणि रूथची उलटतपासणी चालू होती. काठीनं शिवलं तर? नाही चालत. कागद मध्ये धरला तर? नाही. फ्रॉकवरून? नाही. शेवटी मीनू आठवून आठवून म्हणाली, "लोकर चालते. आजी म्हणते, लोकरीला विटाळ नसतो." मग काय! रूथ आत धावली आणि आपला लाल मफलर घेऊन आली. तिच्या आईनं विणलेला, चांगला लांबलचक. एक टोक तिनं स्वतः धरलं, दुसरं मीनूसमोर टाकलं.

दुपारी नदीवर मी शिट्टी वाजवली तेव्हा मला धाकधूक होती. तेरा हात वर झाले, आणि चौदाव्या ठिकाणी दोन हात आणि मधे ताणलेला लाल मफलर. लतिकादींनी तो बघितला. "चौदा," त्या म्हणाल्या आणि वहीत लिहिलं. रूथ पुन्हा गायला लागली होती.

नव्या वर्षाच्या सकाळी शेवटची प्रार्थना होती. मीनू आत येणार नाही हे ठरलेलंच होतं. एका लीडरनं लतिकादींना विचारलं, तिला सांगा ना, आपल्याकडं असलं काही नसतं म्हणून. लतिकादी म्हणाल्या, "सांगितलं मी. ती म्हणाली, उद्या चौथा दिवस, उद्या येईन. आता उद्या तर कॅम्पच नाही. तिनं देवाचा मान ठेवलाय, तो मी कशाला मोडू? खिडक्या उघडा सगळ्या." मीनू बाहेर व्हरांड्यात खिडकीखाली बसली. मफलरचं एक टोक खिडकीतून आत गेलं होतं. गाणं सुरू झालं, आणि मी त्या दिवशी डास मारले नाहीत.

साडेअकराच्या सुमाराला पालक आले. अंगणात एकच गिल्ला झाला. मुली धावत जाऊन आयांच्या गळ्यात पडत होत्या, पापे काय, रडणं काय. वृंदावहिनी फाटकातून आत आल्या, हसत, हात पसरून. मीनू चार पावलं धावली आणि हातभरावर थांबली.

वहिनींचे हात तसेच राहिले. एका क्षणात त्यांना कळलं. आईच ती.

"कितवा?" त्यांनी हळूच विचारलं.

"तिसरा."

सगळ्या अंगणात त्या दोघीच तेवढ्या अशा समोरासमोर उभ्या होत्या. वहिनींनी मफलर बघितला, त्याचं दुसरं टोक धरून उभी असलेली रूथ बघितली. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "बरं झालं बाई, मी पुरचुंडी दिली होती. उपयोगी पडली ना?"

खोटं बोलता आलं असतं. मीनूनंही सांगितलं नसतं, मला खात्री आहे.

"वहिनी," मी म्हटलं, "तुमच्या फडक्यांनी मी कंदील पुसले. मला कळलंच नाही ती कशाला आहेत. तिनं मागितली तेव्हा ती काळी झाली होती."

वहिनी माझ्याकडं बघतच राहिल्या. मग मीनूकडं. "मग तू काय केलंस गं?"

"परकर फाडला," मीनू म्हणाली. "निळा. चालेल ना?"

वृंदावहिनींचा चेहरा असा झाला की मला बघवेना. एक पाऊल टाकून त्यांनी पोरीला उराशी घेतलं, घट्ट, डोकं दाबून धरलं.

"आई! शिवलीस तू!"

"असू दे. प्रवासात नसतं गं काही." त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. "वाटेवर, परगावी सगळं चालतं. घरी गेल्यावर डोक्यावरून पाणी घेईन मी. प्रवासात नाही पाळत."

मीनूचा आवाज पदरातून आला. "मग मी पण प्रवासातच होते ना?"

पाठीवरून फिरणारा हात थांबला. मग त्या म्हणाल्या, "होतीस गं. सगळं सांगितलं मी तुला, आणि हेच सांगायचं राहिलं."

मीनूच्या हातातलं मफलरचं टोक केव्हाच गळून मातीत पडलं होतं. रूथ दुसरं टोक धरून तिथंच उभी होती. तिला मराठी कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की आई शिवली आणि कुणाला काही झालं नाही. तिनं मफलर गळ्यात टाकला, दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि माझ्याकडं नाही, लतिकादींकडं नाही, वृंदावहिनींकडं बघून विचारलं,

"छोंबो?" शिवू का?

वहिनींचं बंगाली बाजारातल्या भाजीपुरतं. पण एवढं त्यांना कळलं. मला निघण्याआधीचा त्यांचा प्रश्न आठवला, मुली कुणाकुणाच्या असतात म्हणून, आणि माझं मोघम उत्तर. लतिकादी पायरीवर उभ्या होत्या, हातात वही तशीच. अंगणात गलका चालूच होता. रूथ उत्तराची वाट बघत होती आणि मोठे दात ओठांत दाबून धरत होती.

"ये," वृंदावहिनी म्हणाल्या, शुद्ध मराठीत, आणि स्वतःच हात पुढं केला. रूथनं पाठीमागचा हात काढला, आधी फ्रॉकला पुसला आणि मग त्यांच्या हातात दिला. वहिनींनी तो धरला, आपल्या पदरानं तिचं नाक पुसलं आणि तो हात मीनूच्या हातात ठेवला.

मला काहीतरी म्हणायचं होतं. जन्मात पहिल्यांदा माझी जीभ टाळ्याला लागेना. म्हणून मी शिट्टी वाजवली. तशी शेवटची मोजणी व्हायचीच होती, त्याशिवाय फाटकाबाहेर कुणाला सोडायचं नाही असा लतिकादींचा नियम होता.

मुलींनी आयांना सोडून धावत आपापली जोडीदार गाठली. मीनूनं आईला सोडलं नाही. तिनं एका हातात रूथचा हात धरला होता, दुसऱ्यात आईचा, आणि दोन्ही वर केले. वहिनींना काही कळलं नाही, पण त्यांनीही आपला हात वर जाऊ दिला.

मी मोजलं. मग डोळे पुसून परत मोजलं. कॅम्प चौदा जोड्यांचा होता, आणि दोन्ही वेळा पंधरा भरले.